न विचारता जायची वाट

आये, काल शेजारची सून माझ्याकडे एक कागद घेऊन आली. त्यात ‘वहिवाट’ असा शब्द होता, त्याचा अर्थ तिला हवा होता. वर्षानुवर्षं उघडपणे, हक्काने, कोणाला न विचारता केलेला वापर, असं मी सांगितलं. परवानगी मागितली की हक्क राहत नाही, समोरच्याची मेहरबानी होते. ती गेली, तरी मी बराच वेळ दारातच उभी होते. हा अर्थ मला कोर्टात कळला होता, आपल्या दाव्याच्या वेळी.

आचऱ्याच्या खाडीवर कालवं काढायला तू ज्या माडांच्या बागेतून जायचीस, ती एका परगावच्या गृहस्थांनी विकत घेतली आणि वाटेवर फाटक घातलं. कुलूप नव्हतं. जाताना सांगून जा, एवढंच त्यांचं म्हणणं. तू एक दिवसही सांगितलं नाहीस. कमरेला पाटी लावून फाटक ढकलायचीस आणि त्यांच्या ओसरीसमोरून ताठ चालत जायचीस. मला लाज वाटायची. सांगायला काय जातं, असं मी एकदा म्हणाले, तर चुलीवरचं भांडं उतरवून तू माझ्याकडे वळलीस. “माझी सासू खंय कोणाक इचारी? आपल्या वाटेन जाऊक कसली परवानगी?”

पुढे त्यांनी कुलूप लावलं आणि तू दावा केलास. तू पिंजऱ्यात उभी आहेस. त्यांचे वकील विचारतात, परवानगी कधी मागितली होती का? कधीच नाही, तू म्हणतेस. मग ते एक कागद काढून मोठ्याने वाचतात: ‘यापूर्वीही आम्ही आपल्या परवानगीनेच जात होतो, यापुढेही तसेच जाऊ.’ खाली सही कोणाची, तेही वाचतात. तू मागे वळून माझ्याकडे बघतेस. मी खाली बघते. न्यायाधीश पुन्हा विचारतात, तेव्हा तू हळू म्हणतेस, “माझ्या चेडवान सही केल्यान आसात. मी कोणाक इचारूक नाय.”

दावा फेटाळला गेला. एसटीची वाट बघताना तू एकच विचारलंस, “वाचलंस काय गो, सही करूच्या आधी?” मी नाही म्हणाले. तू मान हलवलीस आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. गुडघे धरेपर्यंत सडकेने वळसा घालून खाडीवर जात राहिलीस. कोणी माझ्याबद्दल वाकडं बोललं तर सांगायचीस, “चेडू भोळां माझां. फसवल्यानी तेका.” मी शेजारी बसून ते ऐकून घ्यायचे.

हे पत्र कुठे जाणार नाही. तू असतीस तरी ते मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्याने झालं नसतं. सही केली त्या दिवशी त्या गृहस्थांनी मला ओसरीवर खुर्ची दिली, चहा दिला. शिकलेल्या माणसाशीच बोलता येतं, म्हणाले. मला बरं वाटलं. कागद मी सगळा वाचला, आये. ‘यापूर्वीही’पाशी थांबले. मग त्यांच्याकडे पेन मागितलं.