भिकाजीच्या नावावर कान्हूचं दूध

प्रिय श्वेता,

सासूची चिठ्ठी आली म्हणून दचकू नकोस. तू फोन उचलत न्हाईस, आणि उचललास तर तुझी आई मधीच फोन घेऊन बोलती. अक्षराकडं बघू नकोस. चौथीनंतर हातात पेन्सिल कमी आणि विळाच जास्त आला.

तुझं नाव धुऊन निघालं. हे आधी सांगते, बाकीचं मागनं.

त्या दिवशी डेअरीच्या भिंतीवर पंधरवड्याच्या दुधाच्या हिशोबाचा कागद लागला. त्यात कान्हूचं नावच न्हाई, आणि भिकाजीच्या नावापुढं कान्हूच्या म्हशीचं दूध. भिकाजी तुझ्या माहेरच्या नात्यातला, कान्हूला तेवढं पुरं झालं. सगळ्यांच्या देखत म्हणाला, डेअरीच्या अध्यक्षीणबाईच्या सुनेनं कंप्युटरवर बसून माझं दूध माहेरच्या भांड्यात ओतलं. तू कंप्युटर त्याच्याकडं फिरवलास, आत सगळं बरोबर हुतं, तरी त्यो आपला कागदच हलवत ऱ्हायला. तू पोराला उचललंस आणि सांजच्या गाडीनं खानापूरला गेलीस. रडली न्हाईस. मला ते आवडलं, पण तवा बोलायला जमलं न्हाई.

जाताना एक बोललीस. दूध घातल्याची बारकी चिठ्ठी कधी चुकत न्हाई, लांब कागदच चुकतो, पयल्या ओळी नीट येतात आणि मग मधनंच गळायला लागतात. ते मी डोक्यात धरून ठेवलं. बेळगावच्या मशीनवाल्याला फोन लावला आणि तुझंच बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं विचारलं, प्रिंटरची वायर बदलली काय? व्हय, बदलली हुती. जुनी उंदरानं खाल्ली, तवा तुझ्या नवऱ्यानं रामनगरच्या बाजारातनं नवी आणली, बारीक. वायरीच्या टोकाचं टोपण उघडून आतल्या तारा बघा म्हणाला. उघडलं तर तीनच. एक बोलायची, एक ऐकायची, एक अर्थिंगची. प्रिंटरनं कंप्युटरला थांब म्हणायची तारच त्यात न्हाई.

मला लगेच कळलं. घराची कौलं परतताना खालचा माणूस वरच्याच्या हाताकडं बघून कौल फेकतो. वरचा हात मोकळा नसताना फेकलं तर खापऱ्या गोळा करत बसायचं. आपला कंप्युटर तसाच फेकत हुता, न बघता. चार नावं असली की प्रिंटर झेलायचा. सगळ्या गावाची असली की त्याच्या हातातनं सुटायची, एकाचं नाव आणि दुसऱ्याचं दूध चिकटायचं.

तुझ्या नवऱ्यालाच, विनायकला, बेळगावला पिटाळलं आणि सगळ्या तारांची जाड वायर आणवली. लावली, तरी ओळी गळल्याच. त्यो म्हणाला, आई, नवा प्रिंटरच घेऊया. म्हटलं गप बस. परत फोन. मशीनवाला म्हणाला, नुसती तार घालून भागत न्हाई, कंप्युटरला तिच्याकडं बघ म्हणून सांगायला लागतं. पोर्टच्या सेटिंगमध्ये फ्लो कंट्रोलची एक ओळ हाय, ती बंद हुती. बंद कुणी केली? तुझ्याच नवऱ्यानं. बारीक वायर लावल्यावर प्रिंटर हलेना, तवा ह्या बहाद्दरानं इकडं तिकडं दाबून ती बंद केली, आणि प्रिंटर पळायला लागला म्हणून हात झटकून मोकळा झाला. आता तिथं हार्डवेअर, म्हंजे तारेचं ऐक, असं निवडलं. प्रिंटर थोडं छापतो, थांबतो, परत छापतो. एक ओळ गळली न्हाई.

सांजचं दूध घालायला सगळी जमली तवा नीट छापलेला नवा कागद कान्हूच्याच हातात दिला आणि मोठ्यानं वाच म्हटलं. वाचताना त्याचा आवाज बारीक व्हत गेला. मग मी बोलले. श्वेतानं पयल्याच दिवशी सांगितलं हुतं कुठं गळतंय ते, तुमच्यातल्या एकानं ऐकून घेतलं न्हाई. माझी सून हाय म्हणून बोलत न्हाई, असं म्हणणार हुते. पण म्हटलं, हाय माझी सून, म्हणून तर बोलते. मंगल, कान्हूची बायको, त्याच्याकडं अशी बघत हुती की मला आणखी काय बोलायला लागलं न्हाई.

आता ही चिठ्ठी कशाला, ते ऐक. सगळी मला म्हणाली, अध्यक्षीणबाई, सुनेला बोलवून घ्या. मी न्हाई म्हटलं. ज्या तोंडानं आळ घेतला त्याच तोंडानं जाऊन बोलायचं. तवा येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं कान्हू आणि मंगल तुझ्या बापाच्या दारात येणार हाईत. तुझा बाप मऊ माणूस, लगेच बसा बसा म्हणंल. त्याला आधीच सांगून ठेव. कान्हूला उभ्यानं बोलू दे, सगळं, शेजारपाजारला ऐकू जाईल असं. मगच चहा ठेव. मंगलला मात्र बसायला दे, तिनं काय केलं न्हाई. आणि परत यायचं का न्हाई ते तू ठरव. न्हाई म्हणालीस तर तुझी खुर्ची मी दुसऱ्या कुणाला तरी देईन, आणि तुला भेटायला खानापूरला येत जाईन.

तुझीच,
तारा अत्ती