दोन टिचक्या

लातूर
१५ नोव्हेंबर २०२२

तीर्थस्वरूप अण्णास,
धाकट्या अंबिकेचा शरणार्थ.

हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. अव्वा बरी आहे. मीही बरी आहे. लातुरात थंडी पडायला लागली. वहिनींना सांग, त्यांनी पार्सलने पाठवलेली लसणाची चटणी अव्वाच्या आधी मीच संपवली.

हे सगळं फोनवर लिहिता आलं असतं. पण फोनवर तू अंगठ्याचं चित्र पाठवतोस आणि विषय मिटतो. रोज सकाळी नांदेडहून तुझं गुलाबाचं फूल येतं. फूल आलं म्हणजे तू उठलास, एवढं मला कळतं.

क्लासमधली गंमत ऐक. हल्ली मी शिकवते कमी, फिजिक्सचे पेपर जास्त काढते. दर रविवारी पोरं ज्या चाचणीला बसतात, तिचे प्रश्न माझे. परवाच्या चाचणीत मी एक चेंडू गच्चीवरून वर फेकला आणि शेवटी विचारलं, 'तर या लंबकाचा दोलनकाळ किती?' चेंडू कुठे गेला, कुणालाच पत्ता नाही. पोरं हसली, मीही हसले. गुरुबसप्पा सर हसले नाहीत. क्लास त्यांचा आहे. म्हणाले, "म्याडम, पोरं घरदार सोडून येऊन राहिली इथं. तुमचं ध्यान कुठं हाय?"

मी सगळं खापर फोनवर फोडलं. स्टाफचा ग्रुप, बॅचचा ग्रुप, पालकांचा ग्रुप. सरांनी 'नोंद घ्यावी' लिहिलं की सगळ्यांनी 'ओके सर' म्हणायचं, नाहीतर सर खाली येऊन विचारतात. मी सगळ्या ग्रुपचे आवाज बंद केले. फोन ड्रॉवरमध्ये टाकला. तरी दोन ओळी लिहिल्या की हात ड्रॉवरकडे जातोच. एकेका प्रश्नात मी अशी बुडायचे की समोरच्या चहावर साय धरायची. आता चहा गरम असतानाच संपतो आणि कागद कोरा राहतो.

परवा तशीच बसले होते आणि आपली निलंग्याची पत्र्याची शेड आठवली. भूकंपात आपलं घर उभं राहिलं, पण अप्पा माळवदाखाली झोपायला तयार नव्हते. जमीन अधूनमधून हलतच होती. जमीन हलली की आधी वाजावा म्हणून अप्पांनी उलट्या ताटावर तांब्या ठेवला आणि पाळ्या लावल्या. "एकानं जागं ऱ्हायचं. बाकीच्यांनी बिनघोर ऱ्हायचं." तू दाराबाहेर बसायचास, मी आत कंदिलाशी बीजगणित सोडवायचे. त्या वर्षी गावातल्या पोरांचं अभ्यासातलं मन उडालं म्हणतात. माझं तेव्हाच लागलं. इतकं परत कधी लागलं नाही. मला वाटायचं, मीच हुशार. आता कळतं, तांब्यावर तुझं लक्ष होतं म्हणून माझं गणितात होतं. मधूनच तू पत्र्यावर दोन टिचक्या मारायचास, म्हणजे 'हाय मी'. मी मान वर करायचे नाही.

आता तांब्याही मीच बघते आणि गणितही मीच सोडवते. दोन्ही चुकतंय.

वर अव्वा बरी आहे असं लिहिलंय. जेवते, झोपते, म्हणून बरी. दिवसा तिला सांभाळायला ठेवलेली सिंधू असते. सिंधू चांगली आहे, पण स्वतः काही ठरवत नाही, प्रत्येक गोष्टीला मला फोन करते. "ताई, अव्वा भाकर न्हाई म्हणायल्यात." "ताई, अव्वा पिशवी भरायल्यात, निलंग्याला जाते म्हणतात." उन्हाळ्यात एकदा दार उघडं राहिलं आणि अव्वा बसस्टँडच्या रस्त्यावर सापडली, अनवाणी. त्या वेळी मी फोन बंद करून पेपर काढत होते. हे तुला कळवलं नव्हतं. तेव्हापासून माझा हात ड्रॉवरवरून निघत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीत ती तुला म्हणाली, "पाव्हणे, कोणत्या गावचे?" तू चपला घातल्यास. "मला न्हाई बघवत, अंबे," एवढंच म्हणालास आणि गेलास. मी रागावले नाही. पण निदान मला तरी ती ओळखते, अशी तुझी समजूत असेल. नाही अण्णा. उन्हाळ्यापासून मीही 'बाई' झाले. संध्याकाळी घरी गेले की म्हणते, "बसा बाई, माझी लेक येईल आता." मी बसते. आम्ही दोघी मिळून माझी वाट बघतो.

मला फार एकटं वाटतं, अण्णा.

सरांनी एक संधी दिलीय. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पेपरच्या खोलीत बसायचं, दार बंद, फोन ऑफिसात जमा. हो की नाही, ते येत्या सोमवारी सांगायचंय. नाही म्हटलं तर पेपर दुसऱ्या कुणाकडे जातील. प्रश्न काढताना मी अजून मी असते, म्हणून ते जाऊ द्यायचे नाहीत.

मी तुला ये म्हणत नाही. तेवढ्या दोन सकाळी सिंधूने मला नाही, तुला फोन करायचा. भाकर नको तर भात दे, एवढंच सांगायचं असतं. खरंच काही झालं तर तू क्लासच्या ऑफिसात फोन कर, मला बोलावतील. कधी अव्वा फोन हातात घेईल आणि विचारेल, कोण बोलतंय. पाव्हणा म्हण. पाहुण्यांशी ती फार गोड बोलते. तुला बघावं लागणार नाही, फक्त ऐकायचं.

सोमवारी सकाळी फूल पाठवू नकोस. जमत असेल तर दोन मिसकॉल दे, एकामागून एक. मी उचलणार नाही. मान वर न करता सरांना हो म्हणायला जाईन.

तुझी, अजून एकटीच जागी असलेली,
अंबी