पीटीच्या सरांची साखर

८ ऑगस्ट, शनिवार सकाळ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम आहे. तुझी वहिनी मजेत, मीही बरा (त्याबद्दल पुढे लिहितो). मेहुण्यांना नमस्कार सांग.

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांत वाढदिवसाच्या 'शुभेच्छा' यापलीकडे तुझा शब्द आला नव्हता, म्हणून त्या चार ओळी मी दोनदा वाचल्या. लेकीला आमच्या कॉलेजात घालायचं आहे, पण 'पीटीची सक्ती आहे का, तेवढं कळव,' असं विचारलंस. आता नाही. पहाटे सहाची हजेरी बंद झाली. मुलांनी आठवड्याला अडीच तास व्यायाम करायचा. कुठला, कधी, एकट्याने की घोळक्यात, ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि तक्त्यात लिहायचं. निर्धास्त पाठव.

हे डोकं माझं नव्हे बरं! गेल्या वर्षी मुलांची आरोग्य तपासणी झाली. कुणाचा रक्तदाब वर, कुणाची साखर काठावर. अठरा-एकोणीसची पोरं! प्राचार्यबाईंनी मला बोलावून ही योजना सांगितली तेव्हा मी उसळलोच. म्हटलं, "व्यायाम म्हणजे काय भाजीबाजार आहे, हवं ते निवडून घ्यायला?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या ऐंशीतली येतात किती?"

पस्तीस यायची. त्यातली दहा पोटदुखीची चिठ्ठी घेऊन. मी योजनेच्या कागदावर सही केली.

मग गंमत सुरू झाली. मैदानाकडे कधी न फिरकलेली मंडळी हलायला लागली. दोघी जणी ग्रंथालयाचे चार मजले दिवसातून तीनदा चढतात. रसायनशास्त्राची टोळी मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात दार लावून नाचते. बाक हलवतात म्हणून शिपायाने तक्रार आणली, तर मला अभिमानच वाटला!

मार्चमध्ये शिक्षकांची तपासणी निघाली. मी बाह्या सरसावून रांगेत सगळ्यांत पुढे. उपाशीपोटी साखर निघाली एकशे अडुसष्ट. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यंत्र ठीक आहे. सर, तुम्ही स्वतः शेवटचं कधी पळालात?"

आठवेना. गेली बारा वर्षं मी नुसता कडेला उभा राहून शिट्टी फुंकतोय, आणि शिट्टीने पोट उतरत नाही. दुसऱ्या तपासणीतही तेच आलं. गोळी सुरू झाली. बाबांचा आजार माझ्याकडे आला, धाकटे. तुला कळवायचं पाच महिने टाळलं.

पण रडगाणं नाही हं. मी त्याच योजनेत नाव घातलं, विद्यार्थी म्हणून. कॉलेजभर हसू झालं. संख्याशास्त्राची एक जाड चष्म्याची विद्यार्थिनी आहे, वर्षभर चिठ्ठ्या आणणारी. तिनेच माझा तक्ता आखला: 'रोज तीस मिनिटं. एका दमात नाही जमलं तर दहा-दहाची तीनदा.' ती स्वतः संध्याकाळी मैदानामागच्या कच्च्या रस्त्यावर एकटी पळते. आता साखर एकशे अठरावर आली आहे आणि पट्टा दोन भोकं आत गेलाय.

परवा त्या रस्त्यावर तिला म्हटलं, "अगं, तू तर छान पळतेस! मग इतके दिवस काय झालं होतं?"

ती म्हणाली, "पळता येत होतंच, सर. सगळे बघत असताना येत नव्हतं."

माझे पाय तिथेच थांबले.

सत्तावीस वर्षं झाली. मी नवा मास्तर, तू पहिल्या वर्षाला. बाकीच्या मुलींच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या, तुझी चौथी चालू होती. मी ओरडलो, "मालगाडी आहे, वाट बघा!" सगळं मैदान हसलं. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मीही हसत होतो. तू परत मैदानावर आली नाहीस. पुढच्या वर्षी कॉलेजही बदललंस. घरी मी सांगत राहिलो, चेष्टा होती, तिने मनावर घेतलं.

चेष्टा नव्हती ती. बहिणीला सूट देत नाही हे चारचौघांत मिरवायचं होतं, आणि ते मी तुझ्या जिवावर मिरवलं. तू पीटीबद्दल का विचारलंस, ते मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं. माफ कर.

आता एक मागणं आहे. बाबांचं रक्त तुझ्यातही आहे. या आठवड्यात साखर तपासून घे. मेहुण्यांना सोबत ने, पण टाळू नकोस. आणि बघ, मी रोज संध्याकाळी सहाला चालायला निघतो. वाटलं तर तूही तिकडे त्याच वेळी निघ, फोन लावून ठेवू. बोलायलाच हवं असं नाही. तू थांबशील तिथे मीही थांबेन.

तुझा, फार उशिरा शहाणा झालेला,
दादा