सत्तर अंशांची बाटली

प्रिय ठमे,

मी पैज हरले. कशावर लावली होती ते शेवटी सांगते. आधीच तिथे उडी मारू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

आमचा जंतूवाला आठवतो ना? प्रयोगशाळेतला, आपल्याकडे जेवायला येऊन गिझरचं तापमान विचारणारा. तर झालं असं, तेलविहिरींवरचे आमचे पाइप आतून पोखरले जात होते. बाहेरून नवेकोरे, आणि आत बोट जाईल एवढे खड्डे. मी म्हणत होते, लोखंडच भिकार आलंय. पाइपांच्या दुरुस्तीत केस पिकले माझे, मला कोण शिकवणार! या गृहस्थाचं म्हणणं, आत जंतू आहेत. मी पोट धरून हसले. तेलाबरोबर वर येणारं पाणी सत्तर अंशांचं, हात घातला तर सोलून निघेल. त्यात काय जगणार? शिवाय दर तपासणीत नमुने स्वच्छच निघत होते.

निघणारच! नमुना खराब होऊ नये म्हणून आम्ही शहाणे तो फ्रिजमध्ये ठेवत होतो, आणि या मंडळींना लागते ऊब. गारठ्यात निपचित पडतात, उकाड्यात सुखानं नांदतात, सडक्या अंड्यांसारखा वास येणारा वायू सोडतात, आणि तो वायू लोखंड खाऊन पाणी काळं करतो. असं त्याचं म्हणणं. मग त्यानं पाइपातलं पाणी एका लहानशा बाटलीत भरलं, आत खिळा टाकला, बूच घट्ट बसवलं आणि बाटली विजेवर सत्तर अंश ऊब धरणाऱ्या कपाटात ठेवली. महिनाअखेरपर्यंत पाणी काळं झालं तर तो जिंकला, नाहीतर मी.

परवा, महिना संपायला दोनच दिवस उरलेले आणि तो बाहेरगावी असताना, भरदुपारी वीज गेली. मी नुसती हातावर हात ठेवून बसले असते तरी पुरे होतं. बाटली गार पडली असती, पैज माझी झाली असती. आणि तुझ्या आईनं काय करावं? तू दिलेल्या रुंद तोंडाच्या थर्मासमधला चहा ओतून दिला, त्यात कढत पाणी भरलं आणि बाटली आत सोडली. मग वीज येईपर्यंत कँटीनची शेगडी ते प्रयोगशाळा अशा नुसत्या येरझाऱ्या. आमच्या वेल्डरनं तर विचारलंच, मॅडम, कुणाचं बाळ सांभाळताय?

आज सकाळी बाटली काळीकुट्ट! साहेबांनी पाइपांत जंतुनाशक सोडायचा हुकूमही दिला. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. तो बिचारा मात्र लाजून पैजेचं नावही काढत नाहीये.

कारण त्यानं मला लग्नाचं विचारलं होतं, ठमे. मी म्हटलं होतं, तुमच्या त्या उकळत्या पाण्यात काही जिवंत निघालं तर हो म्हणेन. माझ्या मते तो नकारच होता. तुझ्या बाबांचा फोटो आहे तिथेच राहणार आहे, त्यांच्यावरची माया कणभरही कमी झालेली नाही. पण परवा शेगडीपाशी पाणी तापायची वाट बघताना मला कळलं, मला ही पैज हरायची होती. थर्मासचं त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. नोंदणीला साक्षीदार लागतात. एक सही तुझी हवी आहे. येशील ना?

तुझीच,
आनंदानं हरलेली आई