रात्रीच्या डबीवरचा चिंचोका

अप्पा, आज ऑफिसातून चिडून घरी आले आहे आणि ऐकवायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

आपल्या या तमिळ मुलखातल्याच एका दवाखान्यासाठी आम्ही मोबाइलचं ॲप करतोय. कुठली गोळी कधी घ्यायची, हे म्हाताऱ्या माणसांना सांगणारं. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र, आणि खाली तमिळमध्ये 'सकाळ', 'रात्र'. ते शब्द मी हट्टानं घातले होते. साहेबांना ते खुपतात. स्क्रीन कशी मोकळी, देखणी हवी म्हणे. काल त्यांनी शब्द झाकून फोन जवळच्या तिरुवैयारु गावच्या एका आजींच्या हातात दिला. चंद्रावर बोट ठेवून आजींनी विचारलं, ही गोळी पौर्णिमेला घ्यायची का? सगळे हसले. साहेब म्हणाले, होईल सवय. माझं डोकंच फिरलं, कारण मला तुम्ही दिसत होता.

बस स्टँडच्या पायरीवर डोकं धरून बसलेले तुम्ही. मी तेव्हा पुण्यात दोन वर्षं नोकरी करून, देवनागरी शिकून आले होते. तुमच्या गोळ्यांच्या दोन सारख्या डब्यांवर वळणदार अक्षरांत 'सकाळ' आणि 'रात्र' लिहून चिकटवलं, शिकलेली लेक म्हणून केवढी मिरवले. तुम्ही जन्मभर घरात मराठी बोललात, पण वाचलंत ते तमिळच. मला काय ठाऊक नव्हतं? झोपेची गोळी सकाळी घेऊन तुम्ही बाहेर पडलात. आणि मी तुमच्यावरच ओरडतेय, लिहून ठेवलं होतं ना म्हणून. तुम्ही मान वर न करता एवढंच विचारता, "मज वाचाला लिवलीस, का पाहाला?"

घरी येऊन तुम्ही रात्रीच्या डबीवर एक चिंचोका चिकटवलात. डिंक बाहेर आलेला, वाकडा. पाहुणे आले की मी ती डबी लपवायचे. पण त्यानंतर गोळी कधी चुकली नाही.

हे सगळं साहेबांना सांगायचं ठरवून आज गेले होते. त्यांनी मान वर न करता शब्द काढून टाकायला सांगितले, आणि मी काढले. उद्या ॲप दवाखान्यात जाईल. त्या आजीही तिथल्याच. दिवसभर साहेबांच्या नावानं बोटं मोडतेय, पण खरं सांगते, शब्द गेल्यावर ती स्क्रीन मलाही सुंदर वाटली.

हे पत्र आधी तमिळ अक्षरांत लिहायला घेतलं होतं, तुम्हाला वाचता यावं म्हणून. चार ओळी झाल्या, कागद फाडला आणि हे देवनागरीत लिहिलं. दिसायला बरं वाटेना.