बुजगावण्याचा पट्टा

४ ऑगस्ट

साठ डॉलर पाठवले तर साठच का! दरवेळी तेच. ताई फोनवर म्हणाली, "तुझे दाजी दोनशे पाठवतात आणि तू साठ. तिथं काय दुसरं घर केलंयस?" म्हटलं, दाजींना बायको आहे, पोर होणार आहे, ते पाठवणारच. मला कोण आहे? तर म्हणे, "मग मी कोण? कोंबडी?" मग हसली. मग पुन्हा चिडली. मी फोन ठेवला.

दाजी शेजारीच जेवत होते. सगळं ऐकलं. वाळल्या माशाचं डोकं उचलून माझ्या ताटलीत टाकलं. म्हणजे समजून घे! मला हे असलं आवडत नाही. बोलायचं तर बोला ना.

मोटारसायकल घेणार म्हणजे घेणार. जुनी चालेल. एकदा घेतली की हे काम्पोंग सोम शहर सोडलं. कुठं जायचं ते रस्त्यावर ठरवू.

५ ऑगस्ट

पाऊस. काम बंद. मजुरी पण बंद. दिवसभर पत्ते.

८ ऑगस्ट

अठरावा स्लॅब टाकून झाला. चिनी मुकादम एकदाही ओरडला नाही, म्हणजे खूश असेल.

आम्ही सगळे राहतो तिसऱ्या मजल्यावर. भिंती अजून नाहीत. पत्रे आणि प्लायवूड लावून खोल्या केल्यात. वरून सिमेंटचं पाणी ठिबकतं, अंगावर पडलं की दोन दिवस खाज. जो बांधतो त्याचंच डोकं खाली! ही खोली उद्या कुणाला विकतील तो इथं गालिचा घालेल. त्याला सांगायला पाहिजे, बाबा रे, या कोपऱ्यात विरक नावाचा माणूस वर्षभर खोकत होता.

अठराव्यावरून सगळं शहर सळयांचं दिसतं. जिकडं बघाल तिकडं इमारत आणि तिच्या डोक्यावर सळया. भात कापल्यावर धसकटं उरतात ना, तसं. काहींवर क्रेन फिरतात. काहींवर काहीच नाही — मालकाचे पैसे संपले, माणसं गेली, सांगाडा राहिला. आत पाणी साठून बेडूक ओरडतात.

दाजी कोपऱ्यातल्या खांबाच्या सळया बांधतात. मला हाक मारली. "ये, दाखवतो." दोन इमारतींच्या फटीतून समुद्र दिसत होता. "तो काळा खडक बघ. त्याच्या डावीकडं. तिथं आपली टपरी." 

मी बघितलं. आता तिथं पत्र्याचं कुंपण आणि ढिगारा. पण खडक तोच. तिथं दाजी माकूळ भाजायचे, ताई खुर्च्या भाड्यानं द्यायची, मी टायरच्या ट्यूब फुगवायचो. मग एका सकाळी माणसं आली, कागद दाखवला, दुपारपर्यंत सपाट. ताई गावी गेली, प्रे वेंगला. आम्ही दोघं इथं राहिलो, इमारत बांधायला!

"खालून जागा ओळखू येत नाही," दाजी म्हणाले. "वरूनच कळते." त्यांना याचं एवढं काय वाटतं कुणास ठाऊक. तोंडभर हसत होते.

१३ ऑगस्ट

टोळीतला ताकेओकडचा फल्ला तापानं पडलाय. आणखी चौघं पडलेत. यिन मावशीनं (आमचा स्वयंपाक करते ती) फल्लाची पाठ नाण्यानं घासली, लाल रेघाच रेघा. म्हणाली, "वारा बाहेर पडतोय." तो नुसता कण्हत होता.

१५ ऑगस्ट

फल्ला गेला. माझ्यापेक्षा लहान होता. त्याचा भाऊ येऊन घेऊन गेला, टेम्पोतून. कंपनीनं टेम्पोचं भाडं दिलं.

कुणी जेवलं नाही.

१८ ऑगस्ट

आज जरा हसलो तरी!

मावशी म्हणाली, दाराशी तिंग मोंग उभं करा, नाहीतर हा ताप एकेकाला नेईल. गावात साथ आली की प्रत्येक दारात उभं करतात तसलं बुजगावणं. इथं पेंढा कुठला? सिमेंटची रिकामी पोती कोंबून धड केलं. रंगाचा डबा म्हणजे डोकं. मी कोळशानं डोळे आणि दात काढले. फुटकं हेल्मेट घातलं, प्लायवूडची बंदूक दिली आणि जिन्याच्या तोंडाशी उभं केलं.

मावशी बघून म्हणाली, "हे काय! भिकारी दिसतोय. ताप याला बघून हसेल आणि आत येईल. काहीतरी खरं द्या त्याला, जिवाच्या कामाचं."

आमच्या टोळीला पट्टे दोनच. उंचावर कमरेला बांधायचे ते. एक दाजींचा, एक माझ्या नावाचा. मी कधी बांधत नाही — आकडा अडकवा, सोडवा, परत अडकवा, तेवढ्यात दुसरा चार सळया बांधून मोकळा होतो. दाजी रोज पाठीशी लागतात. म्हणून मुद्दाम त्यांच्यासमोर माझा पट्टा आणून बुजगावण्याच्या कमरेला आवळला. म्हटलं, "घे बाबा. आता दाजी तुझ्या मागं लागतील!"

सगळे खो खो हसले. दाजीपण हसले, पण मान हलवत. मुकादम आला, दुभाष्याला काहीतरी म्हणाला. दुभाष्या म्हणाला, "साहेब विचारतात, हा नवीन कोण? याची हजेरी लावणार नाही."

मावशीनं उदबत्ती लावली. मग सगळ्यांना बजावलं, "दिलं ते दिलं. परत काढून घेतलं तर तो बदल्यात घरचं माणूस घेतो." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

२४ ऑगस्ट

ताप उतरला. कुणी नवीन पडलं नाही. मुकादमानं पाण्याच्या टाकीत औषध टाकलं, त्यानंही असेल. पण मावशीपुढं बोलायची सोय नाही.

२९ ऑगस्ट

ताईचा फोन. पोट फार खाली आलंय म्हणते. पितरांच्या पंधरवड्यात बाळ येणार. दाजींनी ठरवलंय, वीस स्लॅब झाले की सुट्टी घेऊन जाणार, बाळाला बघणार, देवळात भाताचे गोळे वाहणार. फोनवर किती वेळ बोलत होते! मला म्हणाले, "तू पण चल. घर आहे तुझं." म्हटलं, बघू. मोटारसायकलवाल्याशी बोलणं चाललंय. निळी आहे. थोडी गंजलेली.

२ सप्टेंबर

भांडण झालं.

दाजींच्या पट्ट्याची कडी तुटली. मुकादमाकडं गेलो. दुभाष्या म्हणाला, "पुढच्या मालाबरोबर येईल." पुढचा माल कधी? "आला की येईल."

मी म्हटलं, खाली माझा आहे ना. काढून आणतो.

"हात लावू नको," दाजी म्हणाले.

"अहो पोती आहेत ती! डब्यावर दात मीच काढलेत."

"मला माहितीय पोती आहेत. तरी हात लावू नको. चांतूचे दिवस भरत आलेत, विरक. मला बदल्यात काही द्यायचं नाही."

मग मी बोलायला नको ते बोललो. म्हटलं, रोज मला शिकवता, पट्टा बांध, पट्टा बांध, आणि आता स्वतःवर आलं तर बुजगावण्याला भिता. ते सरळ वर गेले. तेच त्यांचं! तिथं पंचा कमरेला बांधून, त्याचं टोक सळईला गुंडाळून काम केलं. पंचानं काय होतंय?

३ सप्टेंबर

जिन्यातून चार वेळा गेलो. चारही वेळा त्याच्या कमरेकडं बघितलं. हात पुढं गेला नाही. मी तर असलं काही मानत नाही!

७ सप्टेंबर

एकोणिसावा स्लॅब झाला.

समोरची इमारत आमच्यापेक्षा जोरात चाललीय. त्यांच्याकडं माणसं जास्त. फट निम्मी बुजली. दाजी म्हणाले, "खडक अजून आठवडाभर दिसेल." कुणीतरी विचारलं, "आणि मग?" तर म्हणतात, "मग आपण त्यांच्यापेक्षा वर जायचं." बाकीचे हसले. दाजींची चेष्टा आहे की खरं बोलतायत ते कधी कळत नाही.

नवा पट्टा आला नाही.

१२ सप्टेंबर

दाजी पडले.

१३ सप्टेंबर

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. 

सकाळी पाऊस थांबून ऊन आलं होतं. फळ्या ओल्या होत्या. मी दुसऱ्या टोकाला होतो. भांडणापासून त्यांच्याजवळ काम करतच नव्हतो, बोलतपण नव्हतो. पक्कड खाली पडल्याचा आवाज आला, खण खण खण, खालपर्यंत. मी म्हटलं, कुणाची पडली रे? वळून बघितलं तर कोपरा मोकळा. पंचा सळईला तसाच गुंडाळलेला.

दोन मजले खाली परांचीवर आदळले. तिथून उचलून पिकअपमध्ये घातलं. मी मांडीवर डोकं घेतलं होतं. डोळे उघडे होते. म्हणाले, "हळू चालवायला सांग." एवढंच.

डॉक्टर म्हणतो, पाठ मोडली, आत रक्त आहे, बघू.

१४ सप्टेंबर

कपडे न्यायला साइटवर गेलो. काम चालू! त्या कोपऱ्यात दुसरा माणूस.

मुकादम जिन्यापाशी भेटला. माझ्याकडं बघितलं, मग बुजगावण्याकडं. सरळ गेला आणि पट्टा ओढून काढला. एका हातानं. पोतं कलंडलं, डबा घरंगळत मावशीच्या चुलीपर्यंत गेला. त्यानं पट्टा माझ्या छातीवर दाबला आणि काहीतरी बोलला. दुभाष्या नव्हता, पण कळलं. बांध.

मावशी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आकाश कोसळलं नाही. काहीच झालं नाही. कुणीतरी काढायचा होता फक्त. इतकं सोपं होतं!

१५ सप्टेंबर

ताईचा फोन. "हे फोन का उचलत नाहीत रे? तीन दिवस झाले."

म्हटलं, "विसाव्या मजल्यावर काम चालू आहे. तिथं फोन लागत नाही."

"मग खाली आल्यावर लावायला सांग. आणि तुझा आवाज का असा?"

"सिमेंट."

"पाणी पी गरम. आणि ऐक — बाळासाठी दुपटी शिवलीत. त्यांच्या जुन्या शर्टाची. त्यांना सांगू नको, ओरडतील, चांगला शर्ट फाडला म्हणून."

१६ सप्टेंबर

दाजी बोलले! पेजेचे चार चमचे घेतले. पायात काही कळत नाही म्हणतात, पण बोलले. डॉक्टरचा चेहरापण जरा बरा होता.

म्हणाले, "वाकलो होतो. खडक बघायला. अर्धाच दिसत होता."

मी म्हटलं, दाजी, तो पट्टा मी काढायला पाहिजे होता. तर म्हणतात, "मीच नको म्हटलं ना. तू माझं ऐकलंस. पहिल्यांदाच ऐकलंस!" हसायला गेले आणि दुखलं.

मग मला वाटलं झोपले. तर डोळे मिटूनच म्हणाले, "चांतूला आत्ता सांगायचं नाही. बाळ होऊ दे. पहिलं बाळ आहे, ती घाबरेल. पैसे वेळेवर गेले की ती काही विचारणार नाही. माझे दोनशे, तुझे साठ."

म्हटलं, मी जास्त पाठवतो या वेळी. मोटारसायकल राहू दे.

"जास्त पाठवू नको. तू साठच्या वर पाठवलेस तर ती लगेच ओळखेल, काहीतरी झालंय."

मी हसलो. खरंच आहे. ताई ओळखेलच.

बाहेर आलो तर समोर एक नवीन इमारत दिसली. आठवड्यापूर्वी नव्हती बहुतेक. की मी बघितली नव्हती.

१७ सप्टेंबर

निळ्या मोटारसायकलवाल्याला नाही म्हणून सांगितलं. दाजींना गावी न्यायला गाडी लागेल, झोपवून नेता येईल अशी. मावशी म्हणते, मालीशनं पाय येतात, तिच्या मावसभावाचे आले.

२० सप्टेंबर

दाजी काल पहाटे गेले. आज देवळामागं अग्नी दिला. मी, मावशी आणि टोळीतले दोघं. भिक्षूंनी अस्थी ठेवून घेतल्या.

दुपारी पट्टा बांधून विसाव्या मजल्यावर गेलो. त्यांचा कोपरा मागून घेतला. खडक आता दिसत नाही.

ताईचा फोन आला होता. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आवाज इतका थकलेला आणि इतका खूश की मी म्हटलं, दाजी वर आहेत, सांगतो.

अजून चार दिवस. मग सांगेन.

ताईला पाठवले : दाजींचे दोनशे, माझे साठ. एकूण दोनशे साठ डॉलर.