उथळ भोवरे

प्रिय झुलहुमोर,

तुझी लेक ओयदिन इथे बरी आहे. कमी खाईन म्हणते, पण बागेच्या फाटकाशी तंदूरमधले मांसाचे गरम साम्से दिसले की तिचा निश्चय गळतो. त्यात ती तुझ्यावर गेली आहे. कालव्याकाठच्या बाकांवर म्हातारे अजून बसतात. काल एकाने हाक मारली, "काय गं मुकद्दस, अजून पोरींना उलटं बसवून पुढे नेतेस का?" तुझी आठवण आली.

आज माझ्या वल्हवणाऱ्या मुलींच्या संघाची निवड होती. रीत तीच. चार-चार जणींच्या दोन नावा, एक फेरी, मग दोघींची अदलाबदल आणि पुन्हा फेरी. जिच्या येण्याने नाव पुढे जाते, ती संघात. ओयदिन येऊन बसली आणि नाव मागे पडली. काठावर आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "ओपा, मीच कमी पडले." सत्तावीस वर्षांपूर्वी याच कालव्याच्या काठावर तूही आपल्या प्रशिक्षकांना, तोल्किन अकांना, असंच म्हणाली होतीस. ते म्हणाले, "मग लग्न कर बाई, पाण्याला कशाला त्रास देतेस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तू फरगान्याला गेलीस आणि पुन्हा वल्ह्याला हात लावला नाहीस.

आज मी ओयदिनच्या पाठीमागे बसलेल्या मुलीचं वल्हं बघत होते. ते वेळेवर पाण्यात जात होतं, वेळेवर निघत होतं. फक्त त्याच्यामागे उमटणारा भोवरा उथळ होता. ती पायांचा जोर मुद्दामच लावत नव्हती. काठावरच्या कुणाला ते कळलं नाही, आणि पुढे बसलेलीला मागचं वल्हं दिसत नाही. मला कळलं, कारण त्या दिवशी तू माझ्या नावेत आलीस तेव्हा माझे भोवरे तसेच होते. तू जिंकली असतीस तर पुढची अदलाबदल तुझी-माझी होती, आणि मी हरले असते. तू कमी पडली नव्हतीस, झुलू.

मी आजची फेरी रद्द केली. सोमवारी पुन्हा घेणार आहे. ओयदिनने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, ओपा?" आईला विचार, एवढंच म्हणाले. हेही तुझ्यावरच ढकललं. रविवारी ती तुला फोन करेल. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून पत्र उद्या फरगान्याला निघालेल्या शेजारणीच्या हाती देते आहे. तुला सांगावंसं वाटलं नाही, तर तिला मी सांगेन.

तुझीच,
तुझ्या पाठीमागे बसलेली
मुकद्दस